जमिनीवरून उठायला किती सेकंद?

तान्हे मूल घरात आले, की त्याच्या प्रगतीची पहिली नोंद आजी ठेवते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मान धरली, पाचव्यात पालथे पडले, आठव्याच्या सुमारास आधाराशिवाय बसले, मग रांगणे, धरून उभे राहणे आणि वर्षाच्या मागेपुढे पहिले पाऊल. ही मोजपट्टी कोठे लिहिलेली नसते. पण बालरोगतज्ज्ञांच्या तक्त्याशी ती बहुतांशी जुळते. पाऊल पडले, की घरातील मोजणी थांबते. मूल चालू लागले, आता त्याने फक्त वाढायचे, असे सारे गृहीत धरतात. काही मुलांच्या बाबतीत मात्र खरी मोजणी याच ठिकाणी सुरू करावी लागते. कारण त्यांचे स्नायू एकीकडे वयाने वाढत असतात आणि दुसरीकडे आजाराने झिजत असतात.

मज्जातंतू व स्नायूंचा आजार असलेल्या मुलांची हालचालक्षमता कशी मोजतात, ती का मोजावी आणि त्यात घरातील वडीलधाऱ्यांनी कोणता वाटा उचलावा, हा आजचा विषय आहे. आपल्या औसा-लातूर परिसरात आई-वडील दिवसभर शेतात किंवा कामावर असतात आणि मूल आजी-आजोबांच्या नजरेसमोर असते. म्हणून हा लेख मुख्यतः त्यांना उद्देशून लिहीत आहे.

हे आजार कोणते?

हात हलवावा असे मनात आले, की तो आदेश मेंदूकडून मज्जारज्जूतील पेशींकडे, तेथून मज्जातंतूंच्या वाटेने स्नायूंकडे जातो. मज्जारज्जूतील पेशींपासून स्नायूपर्यंतच्या वाटेत कोठेही बिघाड झाला, तर बुद्धी शाबूत असूनही शरीर दुबळे पडते. मुलांमध्ये दिसणाऱ्या अशा आजारांपैकी दोन महत्त्वाचे आहेत. पहिला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. यात स्नायूंच्या पेशींना बळकटी देणारे डिस्ट्रोफिन नावाचे प्रथिन तयार होत नाही, त्यामुळे प्रत्येक हालचालीबरोबर पेशींना इजा होत जाते. हा आजार प्रामुख्याने मुलग्यांना होतो. साधारणपणे साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला. दुसरा स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी. यात मज्जारज्जूतील हालचालीच्या पेशीच नष्ट होतात. तो मुलगा-मुलगी दोघांनाही होतो आणि त्याचे प्रमाण सुमारे दहा हजार जन्मांमागे एक असे आहे.

ड्युशेनची पहिली चिन्हे तिसऱ्या ते पाचव्या वर्षी दिसू लागतात. मूल सारखे पडते, बरोबरीच्या मुलांमागे पळताना मागे राहते, चवड्यांवर चालते, जिना चढताना कठडा धरते. पोटऱ्या मात्र भरदार दिसतात. पैलवानासारख्या पोटऱ्या आहेत म्हणून आजोबा कौतुक करतात. प्रत्यक्षात तेथे झिजलेल्या स्नायूची जागा चरबीने व तंतूंनी घेतलेली असते.

येथे निदानातील एक नेहमीची आडवाट सांगणे आवश्यक आहे. ताप किंवा पोटदुखीसाठी मुलाचे रक्त तपासले जाते, त्यात एसजीओटी व एसजीपीटी वाढलेले आढळतात आणि यकृताचे, म्हणजे लोकांच्या भाषेत काविळीचे, उपचार महिनोन्‌महिने चालतात. ही दोन्ही द्रव्ये स्नायूंतही असतात आणि स्नायू झिजले की रक्तात उतरतात. ज्या मुलाला कावीळ नाही, पण ही द्रव्ये वाढलेली आहेत आणि जो सारखा पडतो, त्याची सीपीके ही रक्ततपासणी करून घ्यावी. ड्युशेनमध्ये हा आकडा हजारांच्या घरात जातो. त्यानंतर निदान पक्के होते ते जनुकीय तपासणीने.

सर्वांत साधी परीक्षा

जगभर वापरली जाणारी एक परीक्षा मात्र कोणत्याही उपकरणाशिवाय घराच्या ओसरीवर करता येते. मुलाला जमिनीवर उताणे निजवावे आणि उठून उभे राहण्यास सांगावे. निरोगी मूल क्षणात उठते. ज्याच्या मांड्या व कंबर दुबळी झाली आहे, ते मूल आधी पालथे होते, हात-पाय टेकून ढुंगण वर उचलते, मग एकेक हात गुडघ्यावर, तेथून मांडीवर ठेवत, जणू स्वतःच्याच अंगावर चढत उभे राहते. ब्रिटिश मज्जाविकारतज्ज्ञ विल्यम गॉवर्स यांनी १८७९ साली या उठण्याचे बारकाईने वर्णन केले, म्हणून आजही डॉक्टर त्याला गॉवर्सचे चिन्ह म्हणतात.

चिन्ह दिसले, निदान झाले, एवढ्यावर हे थांबत नाही. पुढचा प्रश्न असा, की आज उठायला किती वेळ लागला, सहा महिन्यांपूर्वी किती लागत होता आणि आणखी सहा महिन्यांनी किती लागेल? येथे डोळ्यांचा अंदाज कामाचा नाही. रोज पाहणाऱ्याला हळूहळू होणारा बदल दिसत नाही, वर्षाने आलेला मामा मात्र उंबऱ्यातच म्हणतो, "पोर खंगलं की हो!" दोन्ही अंदाजांत माया आहे, माप नाही. दवाखान्याच्या कागदावरही "प्रकृती ठीक" किंवा "अशक्तपणा वाढला" एवढेच लिहिलेले असते. ठीक म्हणजे किती आणि वाढला म्हणजे किती, हे त्यातून कळत नाही. ताप मोजतो, रक्तदाब मोजतो, साखर मोजतो. तसेच बळही मोजता येते, हे अनेक कुटुंबांना ठाऊकच नसते.

मोजपट्ट्या कशा तयार झाल्या?

चालू शकणाऱ्या ड्युशेनच्या मुलांसाठी इंग्लंडमधील तज्ज्ञांनी नॉर्थ स्टार नावाची मोजपट्टी तयार केली. तीत १७ कृती आहेत : उभे राहणे, खुर्चीतून उठणे, एका पायावर उभे राहणे, पायरी चढणे-उतरणे, उडी मारणे, पळणे इत्यादी. कृती सहज जमली तर २ गुण, वेगळी युक्ती वापरून जमली तर १, जमली नाही तर ०. असे एकूण ३४ गुण. जमिनीवरून उठण्यास व दहा मीटर अंतर पळण्यास लागलेले सेकंदही त्याबरोबर लिहितात. सहा मिनिटांत मूल किती मीटर चालते, हीदेखील एक मान्यताप्राप्त चाचणी आहे.

या चाचण्यांची एक मर्यादा आहे. मूल चालेनासे झाले, की त्यांचा आकडा शून्यावर येतो आणि पुढे त्या काहीच सांगत नाहीत. मुलाचे आयुष्य मात्र शून्यावर आलेले नसते. त्याला बसायचे असते, घास तोंडापर्यंत न्यायचा असतो, लिहायचे असते, मोबाइल धरायचा असतो. ही उणीव ओळखून फ्रान्समधील लिऑन शहरातील पुनर्वसनतज्ज्ञ कॅरोल बेरार व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटर फंक्शन मेझर, संक्षेपाने एमएफएम, ही मोजपट्टी बनवली. ३०३ रुग्णांवर पारखून २००५ साली ती प्रसिद्ध झाली. वेगवेगळ्या मज्जातंतू-स्नायू आजारांत, चालणाऱ्या व न चालणाऱ्या, दोन्ही प्रकारच्या रुग्णांत ती वापरता येते. सात वर्षांखालील मुलांसाठी २० कृतींची छोटी आवृत्ती पुढे तयार झाली.

मूळ मोजपट्टीत ३२ कृती आहेत आणि त्यांचे तीन गट आहेत. पहिला गट उभे राहणे व जागा बदलण्याचा : खुर्चीतून उठणे, सरळ रेषेत दहा पावले टाकणे, दहा मीटर पळणे, एका पायावर दहा वेळा लंगडी घालणे. दुसरा गट मान, धड, खांदे व कंबर यांचा : उताणे असताना मान उचलणे, कूस बदलणे, आधाराशिवाय बसणे. तिसरा गट हातापायांच्या टोकांचा. यातील कृती पाहिल्या, की आपल्या अंगणातील खेळच आठवतात. टेबलावर मांडलेली दहा नाणी वीस सेकंदांत एकेक करून एकाच हातात गोळा करायची. चार घड्या घातलेला कागद घडीच्या बाजूने फाडायचा. टेनिसचा चेंडू उचलून तळहात पूर्ण उलटा करायचा. पेन्सिलीने चौकटीत सलग वेटोळी काढायची.

प्रत्येक कृतीला ० ते ३ गुण. सुरुवातच करता आली नाही तर ०, अर्धवट जमली तर १, पूर्ण जमली पण हळू किंवा आधाराच्या युक्तीने तर २ आणि नेहमीप्रमाणे जमली तर ३. एकूण ९६ पैकी मिळालेल्या गुणांची टक्केवारी काढतात, तीनही गटांची वेगवेगळी सुद्धा. प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टला यास साधारण अर्धा-पाऊण तास लागतो. साहित्य म्हणाल तर सतरंजी, टेबल-खुर्ची, नाणी, चेंडू, पेन्सिल, कागद आणि घड्याळ. महागडे यंत्र यात एकही नाही. लागतो तो वेळ, सवय आणि दर वेळी त्याच पद्धतीने मोजण्याची शिस्त.

आकडा काय सांगतो?

या मोजमापांतून जे ज्ञान हाती आले, त्यातील दोन गोष्टी प्रत्येक कुटुंबाला माहीत असाव्यात.

पहिली गोष्ट : ड्युशेनच्या मुलाचे गुण निदानानंतर लगेच घसरत नाहीत. साधारण सहा-सात वर्षांपर्यंत ते वाढतात. आजार चालू असतोच. पण बालपणीची नैसर्गिक वाढ त्याच्यापुढे धावत असते. मग काही काळ गुण स्थिर राहतात आणि त्यानंतर उतार लागतो. आता विचार करा. चार वर्षांच्या मुलाला कोणी एखादे तेल, भस्म, टॉनिक किंवा इंजेक्शनांचा संच सुरू केला आणि वर्षभरात मूल अधिक चांगले पळू लागले, तर श्रेय कोणाचे? औषध दिले नसते तरी ते त्या वयात सुधारलेच असते. या दोन-तीन वर्षांच्या वाढीवर अनेकांची दुकाने चालतात आणि त्यासाठी शेताचे तुकडे विकले गेलेले मी पाहिले आहेत. स्टेम सेलच्या नावाने लाखो रुपये घेणारेही याच वाटेवर भेटतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताचे काही ठरावीक आजार वगळता स्टेम सेलचा वापर केवळ रीतसर संशोधनातच करता येतो आणि अशा संशोधनात रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेता येत नाहीत. कोणी खात्रीने बरे करण्याचे सांगितले, तर शांतपणे तीन प्रश्न विचारावेत : उपचारापूर्वी कोणत्या मोजपट्टीने मोजले? नंतर किती महिन्यांनी मोजले? आणि मोजणारा उपचार विकणाराच होता की दुसरा कोणी? उत्तरे मिळाली नाहीत, तर पिशवी उचलून घरी यावे.

दुसरी गोष्ट : आकडा पुढची सूचना वेळेवर देतो. ड्युशेनच्या मुलांवरील फ्रेंच अभ्यासात असे दिसले, की एमएफएमच्या पहिल्या गटाचे गुण ४० टक्क्यांच्या आसपास आले, की साधारण वर्षभरात चालणे थांबते. हे वाचून मन खचेल, हे मी जाणतो. पण ते वर्ष हातात मिळणे केवढे मोलाचे आहे, तेही पाहावे. त्या वर्षात घराच्या पायरीवर उतार बांधता येतो, शौचालयात बसण्याची बैठक उंच करता येते, मापाची चाकांची खुर्ची मागवता येते आणि मुलाचा वर्ग तळमजल्यावर आणण्यासाठी मुख्याध्यापकांकडे अर्ज देता येतो. ज्या घरात मोजले जात नाही, त्या घरात एके दिवशी मूल उठत नाही आणि मग धावपळ सुरू होते. तोवर शाळा सुटलेली असते.

घरची नोंदवही

एमएफएम किंवा नॉर्थ स्टार ही तज्ज्ञांची कामे आहेत. ती घरी करू नयेत. परंतु दोन तपासण्यांच्या मधल्या काळात घरातील साधी नोंद फार उपयोगी पडते. पन्नास पानांची वही आणि मोबाइलमधील सेकंद मोजणारे घड्याळ पुरेसे आहे. दर तीन महिन्यांनी एकदा पुढील गोष्टी लिहाव्यात :

१. उताणे निजल्यापासून सरळ उभे राहीपर्यंत लागलेले सेकंद, आणि उठताना हात मांडीवर टेकले का.
२. खुणा करून ठेवलेले दहा मीटर अंतर जाण्यास लागलेले सेकंद.
३. चार पायऱ्या चढण्याचे सेकंद, आणि कठडा धरला का.
४. दोन्ही हात डोक्यावर नेता येतात का. भरलेला पेला तोंडापर्यंत जातो का.
५. मागील तीन महिन्यांत मूल सरासरी आठवड्याला किती वेळा पडले.
६. उंची व वजन.

चालू न शकणाऱ्या मुलासाठी पहिले तीन मुद्दे सोडावेत आणि आधाराशिवाय किती वेळ बसते, रात्री कूस बदलण्यास किती वेळा हाक मारते, स्वतःच्या हाताने किती जेवते, एका दमात किती आकडे मोजते, हे लिहावे.

मोजण्याची रीत कायम एकच ठेवावी. तीच फरशी, अनवाणी पाय, सकाळची वेळ, तोच मोजणारा आणि तेच शब्द. गेल्या वेळी शांतपणे सांगितले आणि या वेळी "पळ, पळ" म्हणून ओरडले, तर आकडे जुळणार नाहीत. ताप, जुलाब किंवा लग्नातील जागरणानंतर मोजू नये. मूल दमले, तर थांबावे. मोजताना शेजारी एक मोठे माणूस उभे असावे, म्हणजे पडण्याचे भय नाही.

अशा वहीचा उपयोग किती होतो, याचे एक उदाहरण देतो. तालुक्यातील एका खेड्यातले आजोबा सात वर्षांच्या नातवाची नोंद मराठी महिन्यांनी ठेवत. उठण्याचे सेकंद चैत्रात सहा, आषाढात सहा, आश्विनात आठ आणि पौषात अकरा. मुंबईची तपासणी वैशाखात ठरलेली होती. मधल्या काळात मुलाचे वजन चार किलोंनी वाढले होते आणि औषधाची मात्रा मात्र जुन्या वजनाचीच चालू होती. आजोबा वही घेऊन आले, आम्ही तज्ज्ञांशी फोनवर बोललो, तपासणी माघातच झाली आणि मात्रा वजनानुसार बदलली गेली. आजार त्यामुळे गेला नाही. परंतु पुढच्या दोन नोंदींत आकडा नऊवर स्थिर राहिला. या आजारात स्थिर राहणे हीही कमाई असते.

ही परीक्षा नव्हे

गुण, टक्के हे शब्द आले, की आपल्या जिल्ह्यात लगेच शर्यत सुरू होते. लातूरच्या मातीला गुणांची ओढ आहे. म्हणून स्पष्ट सांगतो : येथे अभ्यास करून गुण वाढवता येत नाहीत. गुण कमी आले म्हणून मुलाला जिने चढायला लावणे, उठाबशा काढायला लावणे, पायाला वजन बांधणे हे अपायकारक आहे. ड्युशेनमध्ये ताण पडलेला स्नायू अधिक झिजतो. विशेषतः जिना उतरणे, उड्या मारणे यांनी. सौम्य चालणे, देखरेखीखाली पाण्यात पोहणे आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेले सांधे ताणण्याचे व्यायाम तेवढे रोज करावेत. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशीही स्नायू दुखत असतील किंवा लघवी चहासारखी काळपट झाली, तर तो अतिरेक समजावा आणि डॉक्टरांना दाखवावे.

मुलासमोर आकड्यांची चर्चा करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. दहा वर्षांच्या मुलाला सारे समजते. "मागच्या वेळी जमत होतं, आता का नाही?" हा प्रश्न त्याला विचारू नये, उत्तर त्याच्याजवळ नाही. जमलेल्या कृतीचे कौतुक करावे, न जमलेली मुकाट्याने वहीत लिहावी. भावंडांशी तुलना तर मुळीच नको.

मोजल्यावर करायचे काय?

ड्युशेनवर आज मुळापासून बरे करणारे औषध नाही. पण करण्यासारखे पुष्कळ आहे. प्रेडनिसोलोन किंवा डेफ्लाझाकॉर्ट ही स्टेरॉइड औषधे चालण्याचा काळ लांबवतात. ती कधी सुरू करायची, हे ठरवताना गुणांचा आलेख पाहिला जातो. मोठी घसरण होण्याची वाट पाहू नये, असे तज्ज्ञ सांगतात. ही औषधे तज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय सुरू करू नयेत आणि एकदा सुरू केल्यावर एकाएकी बंद तर कधीच करू नयेत. अचानक बंद केल्याने जिवावर बेतू शकते. गावी जाताना, यात्रेला निघताना गोळ्यांचा साठा आधी पिशवीत घालावा.

हृदय हाही स्नायूच आहे. त्यामुळे निदानाच्या वेळी आणि नंतर दरवर्षी हृदयाची इको तपासणी करून घ्यावी. मूल सहकार्य करू लागले, की फुंकर मारून फुप्फुसांची क्षमता मोजण्याची तपासणीही दरवर्षी करावी. कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी, अगदी लहानशा असली तरी, भूलतज्ज्ञांना आजाराचे नाव अवश्य सांगावे. भूल देताना वापरली जाणारी काही औषधे या मुलांना धोकादायक ठरतात.

मूल चालेनासे झाल्यावर अनेक कुटुंबे दवाखान्यात येणेच थांबवतात. आता काय दाखवायचे, असे म्हणतात. वैद्यकदृष्ट्या हाच काळ अधिक लक्ष देण्याचा आहे. पाठीचा कणा वाकतो आहे का, श्वास उथळ होतो आहे का, हातांचे बळ किती उरले आहे, हे तेव्हाच पाहायचे असते. ज्या हाताने दहा नाणी उचलता येतात, तो हात परीक्षेचा पेपर लिहू शकतो, संगणक चालवू शकतो. पायांचे गुण संपले म्हणून हातांचे मोजणे सोडू नये.

स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफीत गेल्या काही वर्षांत औषधे उपलब्ध झाली आहेत. नुसिनर्सेन या औषधाला अमेरिकेत २०१६ साली मान्यता मिळाली, ती त्या मुलांच्या हालचाली अशाच मोजपट्ट्यांनी मोजून झालेल्या अभ्यासांवर. २०२१ च्या आरंभी मुंबईतील एका बालिकेच्या जनुकीय उपचारासाठी लोकवर्गणीतून सुमारे १६ कोटी रुपये जमले आणि केंद्र सरकारने त्या औषधावरील कर माफ केला, हे वाचकांना आठवत असेल. प्रत्येक घराला असे भाग्य लाभत नाही. त्याच वर्षी केंद्राचे दुर्मीळ आजारांविषयीचे राष्ट्रीय धोरण जाहीर झाले. त्याखाली ठरवलेल्या उत्कृष्टता केंद्रांमध्ये मुंबईचे केईएम रुग्णालय आहे आणि धोरणाच्या यादीतील आजारांसाठी, केंद्राच्या शिफारशीनुसार, ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. दोन्ही आजार या यादीत आहेत. तेथे जाताना जुन्या तपासण्यांबरोबर घरची नोंदवहीही न्यावी.

जवळची वाट कोणती? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. या कार्यक्रमाची पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शासकीय शाळांत येतात. पथक येणार असेल, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये. तेथून लातूर किंवा नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील बालरोग विभागाकडे पाठवणी मिळू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा समावेश आहे. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाले, की सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क, परीक्षेत लेखनिक व वाढीव वेळ, एसटीची सवलत असे लाभ घेता येतात. येथे एक गोंधळ टाळावा. प्रमाणपत्रावरील टक्के अपंगत्वाचे असतात, तेथे आकडा वाढला म्हणजे आजार वाढला. एमएफएमचे टक्के क्षमतेचे असतात, तेथे आकडा वाढला म्हणजे बळ वाढले. दोन्ही कागद वेगळ्या पाकिटात ठेवावेत.

शेवटी, घरातील मोठ्यांसाठी

ड्युशेनचे जनुक आईकडून मुलाकडे येते, हे ऐकताच काही घरांत सुनेला बोल लावला जातो. सुमारे एक तृतीयांश मुलांत हा बदल आईकडून आलेला नसतो, तो त्या मुलातच नव्याने घडलेला असतो. आणि जेथे आईकडून आला, तेथेही तिने तो निवडलेला नसतो. स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफीत तर आई आणि वडील, दोघांकडूनही सदोष जनुक यावे लागते. मामा-भाची किंवा आते-मामे भावंडांच्या विवाहांत त्याची शक्यता वाढते, आणि असे विवाह ठरवणारे बहुधा आपणच, घरातील वडीलधारे, असतो. म्हणून दोष देण्याऐवजी जनुकीय सल्ला घ्यावा. पुढील अपत्याचा विचार करण्यापूर्वी तर नक्कीच. मुलाच्या मावशा व मोठ्या बहिणी यांनाही त्याची गरज असू शकते.

आजी-आजोबांनी या साऱ्यात डॉक्टर व्हावे, अशी अपेक्षा नाही. तीन महिन्यांतून एकदा अर्धा तास काढावा, वहीत सहा ओळी लिहाव्यात आणि तपासणीला जाताना ती वही पिशवीत सर्वांत वर ठेवावी. डॉक्टरांनी स्वतःहून मागितली नाही, तर आपणच टेबलावर उघडून ठेवावी आणि विचारावे, "मागच्या वेळेपेक्षा दोन सेकंद वाढले आहेत; आता काय बदलायचे?"